बुधवारची फेरी

तोरुनला पहिला संशय आला तो गाडीच्या सीटवरून.

तोरुन चांगली उंच बाई. दारातून जाताना आपोआप मान खाली घालणारी. त्या गुरुवारी संध्याकाळी हाल्वर तिला धक्क्यावर घ्यायला आला, ती दमून शेजारच्या सीटवर धपकन बसली आणि तिचे दोन्ही गुडघे समोरच्या खणावर आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती, पाठही सरळ उभी केलेली. आणि सीट गरम करायचं बटण चालू होतं.

"इथं कोण बसलं होतं?" तिनं गुडघा चोळत विचारलं.

"कुणी नाही. सामान होतं," हाल्वर म्हणाला आणि गाडी मागे घ्यायला त्यानं मान वळवली.

सामानाला ऊब कशाला लागते, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लग्नाला जेमतेम चार महिने झालेले, तीन दिवसांनी नवरा-बायको भेटलेले, त्यात पावसाची रिपरिप. ती गप्प बसली. सीट मागे सरकवताना मात्र तिला बडीशेपेच्या गोळ्यांचा वास आला. त्या गोळ्या त्यांच्या घरात कुणीच खात नव्हतं.

ती मूळची डोंगरातल्या थंड गावची. हाल्वरशी लग्न करून ती इथं फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या काठी, सिक्किल्वेनला आली. समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेल्या सालमन माशांची तब्येत बघणं हे तिचं काम. मंगळवारी पहाटे निघायचं, किनाऱ्यानं वर वर जात एकेका पिंजऱ्यावर थांबायचं, मासे हातात घेऊन त्यांच्या अंगावरच्या उवा मोजायच्या, तिथल्याच तराफ्यावरच्या खोलीत झोपायचं आणि गुरुवारी परतायचं. गावात तिला कुणी "उवावाली" म्हणत, तेही तोंडावर आणि हसून. हाल्वर गावातल्याच फर्निचरच्या कारखान्यात होता, खुर्च्यांचं चामडं कापायच्या विभागात. शुक्रवारी दोघं मिळून घर झाडायची, शनिवारी बाजारहाट आणि मटणाचा रस्सा, आणि रविवारी फिरायला जायचंच. त्यात हाल्वर कधी खाडा पडू देत नसे. पाऊस असो, वारा असो, थर्मासमध्ये कॉफी, पाठपिशवीत पावाचे डबे, आणि चला डोंगरावर.

सुरुवातीला तिला या रविवारांचं फार अप्रूप होतं. धाकटी बहीण योरिद फोनवर म्हणायची, नशीब काढलंस बाई. पण सीटची गोष्ट सांगितल्यावर योरिदचा सूर बदलला. ती स्वतः एका लग्नातून होरपळून बाहेर पडली होती. म्हणाली, "इतका नेमानं फिरायला नेणारा नवरा कसली तरी भरपाई करत असतो. माझ्यावर विश्वास ठेव."

तोरुननं ते हसण्यावारी नेलं. पण एकदा संशय मनात शिरला की तो आपलं खाद्य आपणच शोधतो. तिला आता गोष्टी दिसायला लागल्या. हाल्वर फोन टेबलावर ठेवायचा तो पालथा. बुधवारी संध्याकाळी तिनं पिंजऱ्यावरून फोन केला की तो हमखास उचलत नसे, नंतर म्हणे, ओव्हरटाइम होता. रविवारच्या सहलींना तो कुठंही न्यायला तयार असे, पण फेरीबोटीनं पलीकडच्या काठावर जाऊ म्हटलं की त्याला काही ना काही आडवं येई. आणि गाव! दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. चीज कापून देणारी बाई तिला नको तितकं प्रेमानं विचारायची, "कसं चाललंय, जमतंय ना सगळं?" जणू काही न जमण्यासारखं तिच्या घरात आहे, आणि ते या बाईला ठाऊक आहे.

हाल्वरचं आधीचं प्रकरण तिला माहीत होतं, म्हणजे जेवढं त्यानं सांगितलं तेवढं. आनिकन नावाची गावातलीच मुलगी. बरीच वर्षं दोघं एकत्र राहिली, लग्न मात्र केलं नाही. मग ती कामानिमित्त कोपनहेगनला गेली आणि तिथलीच झाली. हे सांगताना त्यानं चारपेक्षा जास्त वाक्यं खर्च केली नव्हती. तेव्हा तोरुनला तो त्याचा सभ्यपणा वाटला होता. आता वाटायला लागलं, कोपनहेगन काही फार लांब नाही. पण आनिकनचा फोटो तिनं पाहिला होता. तीही उंचच होती. मग सीट पुढे ओढून बसणारी ही बुटकी कोण?

ऑक्टोबरच्या एका रविवारी हाल्वरच्या कारखान्यातली मंडळीही डोंगरावर बरोबर होती. माथ्यावर दगडाच्या आडोशाला बसून सगळे सॉसेज भाजत होते. आर्विद नावाचा त्याचा जुना सोबती, तोंडाचा मोकळा, तोरुनला कारखान्यातल्या गमती सांगत होता. बोलता बोलता तो म्हणाला, बुधवारी दुपारनंतर आमचा विभाग म्हणजे भुताचं घर, हाल्वरही जेवण झालं की निघतो, मग गाणी लावणारा मी एकटाच.

"बुधवारी?" तोरुननं विचारलं. "मला वाटलं बुधवारी ओव्हरटाइम असतो."

आर्विदनं तिच्याकडे पाहिलं, मग हाल्वरकडे. हाल्वर खाली वाकून निखारे सारखे करत होता. आर्विदला एकाएकी आपल्या बुटाची नाडी सुटल्याचं आठवलं. उतरताना हाल्वर हवेबद्दल इतकं बोलला की तोरुनला त्याची दया यायला लागली. दया आणि चीड, दोन्ही.

तिनं घरी जाऊन सरळ विचारायला हवं होतं. योरिद म्हणाली, विचारलंस तर तो सावध होईल. हे बरोबर होतं की चूक, तोरुनला ठरवता येईना. पण मनातून तिला विचारायची भीतीच वाटत होती. गाव त्याचं, घर त्याचं, भांडीसुद्धा त्याची. विचारून उत्तर मिळालं असतं तर ती जाणार कुठं होती?

पुढच्याच आठवड्यात वादळ आलं. समुद्र इतका खवळला की पिंजऱ्यांवर जाणारी बोट मध्येच माघारी फिरली आणि बुधवारी दुपारी तोरुन बसनं गावात परतली. फ्योर्डच्या आतल्या बाजूला पाणी तसं शांत होतं, फेरी चालू होती. बस धक्क्यापाशी वळली आणि तिला हाल्वरची गाडी दिसली. धक्क्यावरच्या मोकळ्या जागेत, नीट रेषेत लावलेली. गाडीत कुणी नव्हतं. पुढची सीट पार पुढे ओढलेली होती.

फेरीचं तोंड अजून उघडं होतं. तोरुन धावली नाही. पाठीवर कामाची पिशवी, पायात मासळीचा वास मारणारे रबरी बूट, तशीच ती चालत आत गेली. गाड्यांच्या मधून लोखंडी जिन्यापाशी आली आणि वर चढायला लागली. काय बोलायचं याची तिनं जिन्यावर तीनदा तयारी केली. शेवटी ठरवलं, काहीच बोलायचं नाही, नुसतं समोर उभं राहायचं.

वरच्या कॅफेत खिडकीजवळ हाल्वर बसला होता. त्याच्यासमोर एक म्हातारी. इतकी लहानखुरी की तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. डोक्यावर निळी लोकरीची टोपी, कोटाची सगळी बटणं लावलेली. टेबलावर फेरीवर मिळतात तशी स्वेले, म्हणजे जाडसर गोड धिरडी होती, मध्ये लोणी आणि साखर, आणि हाल्वर सुरीनं त्यांचे लहान लहान तुकडे करून म्हातारीच्या बशीत सरकवत होता. शेजारी बडीशेपेच्या गोळ्यांची पुडी.

हाल्वरनं वर पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ही कोण?" म्हातारीनं विचारलं.

फेरी हलली, कपातली कॉफी एका बाजूला कलली.

"तोरुन," हाल्वर म्हणाला. "माझ्या कामावरची."

तोरुनची कानशिलं तापली. बाई पकडली असती तर तिला रडता आलं असतं, ओरडता आलं असतं. पण भर दुपारी, एका म्हातारीसमोर, आपल्याच नवऱ्यानं आपली ओळख नाकारली, यावर काय करायचं असतं? पाय वळले नाहीत म्हणून ती खुर्ची ओढून बसली.

म्हातारी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती. बुटांवर नजर बराच वेळ थांबली. मग उलटतपासणी सुरू झाली. चामडं कापणाऱ्याच्या कामावर असले बूट घालतात का? लग्न झालंय का? झालंय, तोरुन म्हणाली. मग नवरा कुठंय?

"तो असाच कुठं कुठं जातो," तोरुन म्हणाली. हाल्वरनं मान खाली घातली.

तो आणखी कॉफी आणायला उठला तशी म्हातारीनं टेबलावरून हात पुढे करून तोरुनचं मनगट धरलं. बोटं पक्ष्यासारखी बारीक, पण पकड घट्ट.

"हे बघ पोरी, तो माझ्या मुलीचा माणूस आहे. माझी मुलगी बाहेरगावी असते, पण मी इथं आहे. तू त्याच्याकडे ज्या नजरेनं बघतेस ना, ते मला कळतं."

पलीकडचा काठ आला, गाड्या उतरल्या, नव्या चढल्या. हे दोघं उतरलेच नाहीत. म्हातारीला फेरीनं जाऊन यायला आवडायचं, तेवढंच. परत अलीकडे आल्यावर हाल्वरनं तिला हाताला धरून एकेक पायरी उतरवलं, गाडीत बसवलं, पट्टा लावला. तोरुन मागच्या सीटवर बसली, कुणीतरी वाटेत गाठ पडलेलं माणूस बसतं तशी. वृद्धाश्रमाच्या दारात उतरताना म्हातारीनं हाल्वरच्या गालावर थोपटलं आणि तोरुनकडे पाहिलंही नाही.

घरी आल्यावर बोलणं झालं. हाल्वरनं कोटही काढला नव्हता. म्हातारीचं नाव बोर्गहिल, आनिकनची आई. आनिकन गेली त्या सुमारासच म्हातारीचं विसरणं सुरू झालं होतं. आनिकननं तिला सांगितलं, आमचं मोडलं. ती रडली. आठवड्यानं विसरली. मग हाल्वरनं सांगितलं, ती पुन्हा तशीच रडली, जणू पहिल्यांदाच. तिसऱ्यांदा आश्रमातल्या बाईंनी सांगितलं, तेव्हा तिनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. त्यानंतर कुणी सांगायच्या फंदात पडलं नाही. हाल्वर बुधवारी जात राहिला. त्याची स्वतःची आई तो लहान असतानाच गेली होती आणि बोर्गहिलनं त्याला कितीतरी वर्षं ताटात वाढलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"रोज सांगायचं ठरवत होतो. पण काय म्हणून सांगणार? मला एक सासू आहे आणि ती तुझी आई नाही, असं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं."

"हो."

"मी एकटीच मूर्ख."

हाल्वर म्हणाला, गावाला वाटत होतं तुला माहीत असेल, आणि तू मोठ्या मनाची आहेस. चीजवाल्या बाईचा प्रेमळपणा तोरुनला आता उलगडला, आणि त्याचाही तिला रागच आला.

योरिदला तिनं हे सगळं फोनवर कळवलं. मग योरिद म्हणाली, म्हातारी ठीक आहे, पण तो म्हातारीसाठी जातो की तिच्या मुलीचा धागा तुटू नये म्हणून? तोरुननं फोन ठेवला. पण प्रश्न तिला ठेवता येईना. पिंजऱ्यावर मासा हातात धरून ती मोजायची आणि आकडा विसरायची. एका शुक्रवारी झाडू मारता मारता तिनं हाल्वरला विचारलंच, आनिकन उद्या परत आली तर? तो म्हणाला, ती नाही येणार. तोरुनला हे उत्तर नको होतं. तो स्वतः काय करेल, हे तिला हवं होतं. त्यानंतरच्या रविवारी दोघं फिरायला गेली, पण पायवाटेवर ती पुढं चालत राहिली आणि तो मागं.

नोव्हेंबरच्या अखेरीस कारखान्यातल्या यंत्रात हाल्वरचा हात सापडला. बोटं वाचली, पण टाके पडले, गाडी चालवायची बंदी. तोरुननं त्या आठवड्यात रजा घेतली. बुधवारी दुपारी आश्रमातून फोन आला. बोर्गहिल जेवणानंतर लगेच कोट घालून दाराशी येऊन बसली होती आणि कुणी कोट काढू म्हटलं की हात झटकत होती. मुलीचं नाव तिला कधी आठवायचं, कधी नाही. बुधवार मात्र आठवत होता.

हाल्वरनं तोरुनकडे पाहिलं, पण जा म्हणाला नाही. तोरुननं गाडीची किल्ली उचलली.

बोर्गहिलनं तिला ओळखलं नाही. उंच बाई, अनोळखी, हाल्वर कुठंय? हात दुखावलाय म्हणून मला पाठवलंय, तोरुन म्हणाली. म्हातारीचे डोळे बारीक झाले. पण गाडी ओळखीची होती, आणि खाली फेरीचा भोंगा वाजला. ती आली.

कॅफेत तोरुननं स्वेलेचे तुकडे केले. जरा मोठेच झाले. बोर्गहिलनं ते तिच्याकडे परत सरकवले, आणखी बारीक कर म्हणून. मग विचारलं, "तू त्याची कोण?"

कामावरची, असं म्हणणं सोपं होतं. तोरुननं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "मी त्याची बायको आहे. मे महिन्यात लग्न झालं आमचं."

बोर्गहिलनं चमचा खाली ठेवला. तोरुनला वाटलं, आता ही रडणार आणि आपण हिला का आणलं. पण ती रडली नाही. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

"आनिकनला माहीत आहे?"

"आहे."

"ती जेवते का नीट?"

"मला ठाऊक नाही. मी तिला कधी भेटलेली नाही."

"भेटू नकोस. ती फार उलट बोलते." मग थोडं थांबून म्हातारी पुटपुटली, "आता तू त्याला बुधवारी येऊ देणार नाहीस."

तोरुन तिच्याकडे बघत राहिली. म्हातारीच्या त्या सगळ्या उलटतपासण्यांच्या मुळाशी लेक नव्हतीच. एवढ्याशा खिडकीजवळच्या जागेवरून आपल्याला कुणीतरी उठवेल, ही भीती होती.

"येऊ देईन," तोरुन म्हणाली.

"असं सगळ्याच म्हणतात."

"आज तर मीच घेऊन आलेय ना तुम्हाला."

बोर्गहिलनं यावर विचार केला. मग चमचा उचलला आणि उरलेली स्वेले संपवली. जाताना तिनं तोरुनला बडीशेपेची एक गोळी दिली, तीही निवडून, जरा फुटलेली.

पुढच्या बुधवारी बोर्गहिलला यातलं काहीही आठवत नव्हतं. तोरुननं कामाच्या पाळ्या बदलून घेतल्या होत्या, महिन्यातून दोन बुधवार ती गावात असे. दर वेळी बोर्गहिल तिला नव्यानं न्याहाळायची, नव्यानं बजावायची. पुन्हा बायको असल्याचं तोरुननं सांगितलं नाही. ते एकदा सांगून झालं होतं. ती कामावरची राहिली. हाल्वर कॉफी आणायला गेला की तिचं मनगट धरलं जायचं, आणि तिला त्याची सवय झाली. एवढंच नाही, एखाद्या बुधवारी म्हातारी थकलेली असली आणि काही बोलली नाही, तर तोरुनला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पुढच्या शरद ऋतूत बोर्गहिल झोपेतच गेली. अंत्यविधीला आनिकन आली. फोटोत होती त्यापेक्षा थकलेली, केस आखूड कापलेले. चर्चच्या सभागृहात कॉफी आणि ओपन सँडविचं मांडली होती. तोरुन कप भरत असताना ती शेजारी येऊन उभी राहिली.

"तू ती उंच बाई," ती म्हणाली.

तोरुननं कप खाली ठेवला.

"आई मला फोनवर सांगायची. तुझ्या माणसामागे एक उंच बाई लागली आहे, लवकर ये. वर्षभर सांगत होती." आनिकन हसली, पण तिचे डोळे लाल होते. "मी बघते म्हणायचे. खरं सांगू? एकदा वाटलंही होतं, यावं म्हणून."

मग ती आईच्या शेजारणीशी बोलायला वळली. तोरुननं तिच्या पाठीकडे पाहिलं आणि गेल्या वर्षभरात निवलेलं सगळं पुन्हा वर आलं. लगेच काही विचारायचं नाही, हे तिनं ठरवलं.

संध्याकाळी घरी, स्वयंपाकघरात हाल्वर भांडी घासत होता, ती पुसत होती. तिनं विचारलं, "आनिकननं तुला कधी फोन केला होता? परत यायचं म्हणून?"

त्याचा हात थांबला. विषय टाळायला, हवेबद्दल बोलायला त्याला जागा होती. त्यानं ती घेतली नाही.

"केला होता. फेब्रुवारीत. तुला सांगितलं नाही."

"मग आता सांग."

त्यानं सांगितलं. कुठून फोन आला, ती काय म्हणाली, तो काय म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर तो किती वेळ गाडीतच बसून राहिला होता. सांगायला बराच वेळ लागला. त्यातलं काही तोरुनला ऐकायला आवडलं नाही. पण तिनं त्याला मध्ये थांबवलं नाही, एकेक बशी घेत, पुसत, ती ऐकत राहिली.